किनारीच्या पट्ट्या

साळूबाई : हात नाय लावायची मी याला. ही पट्ट्यांची पिशवी उचला शेठ, नायतर मीच बाहेर फेकते.

यशोधन : साळूबाई, आधी ऐकून तर घ्या.

साळूबाई : काय ऐकू? ज्या ताग्यातून शर्ट कापले, त्याच ताग्याची किनार गठ्ठ्याला बांधायची, ही रीत हाय इथली. किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असतं, तेच बघतो तपासणीचा साहेब. अन् तुमी कापड आणलं बाहेर देशातलं, पट्ट्या आणल्या आपल्या गिरणीच्या जुन्या ताग्यांच्या. एकोणीस वर्षं कटिंग करते मी. येडी समजलात का?

यशोधन : गिरणी कापड देत नाहीये. लढाई सुरू झाल्यापासून अख्ख्या देशातले शिलाईवाले तिच्या दारात रांग लावून बसलेत. शनिवारपर्यंत फौजेचे शर्ट गेले नाहीत तर ऑर्डर रद्द. मग या कारखान्याला कुलूप आणि चाळीस बायका घरी. चालेल तुम्हाला?

साळूबाई : ऑर्डर मिळाली कशामुळं, ते बोला की. सरकार म्हणालं, कापड इथलं, शिलाई इथली, तरच घेऊ. नायतर आपल्याला कोण इचारत होतं?

यशोधन : आवाज खाली घ्या. बाहेर ऐकू जातंय.

साळूबाई : जाऊ दे. चार वर्षांमागं बाहेरचे स्वस्त शर्ट आले अन् निम्म्या मशिनी झाकून ठेवल्या तुमी. बाहेरचा माल बंद करा म्हणत भर उन्हात आमाला कलेक्टर कचेरीवर नेलंत. माझा घसा बसला वरडून. अन् आता तुमीच गुपचूप बाहेरचं आणता? लाज कशी वाटत नाय हो?

यशोधन : वाटते. रात्रंदिवस वाटते. लाजेनं कारखाना चालतो का? एकदाच करतोय. पुढचं कापड गिरणीचंच असेल.

साळूबाई : खोटं बोलणारा दर वेळी एकदाच बोलतो. माझ्या टेबलावरून हे जायचं नाय. साहेबाला मीच सांगते उद्या.

यशोधन : सांगा. अर्धे गठ्ठे बांधून झालेत. तेही सांगा.

साळूबाई : बांधले? कोणी?

(वेदिका दारात उभी आहे, पिशवी न्यायला आलेली.)

वेदिका : मी, मावशी.

साळूबाई : तू?

वेदिका : शेठनी काल सांगितलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत बांधले.

साळूबाई : तुला कात्री धरायला मी शिकवली गं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजले असते. इथली पहिली मशीन झाकली ती तुझ्या आईची. बाहेरच्या मालापायी नवसाबाई घरी बसली, ती आजपर्यंत घरीच हाय. कोणत्या तोंडानं जाशील तिच्यासमोर?

वेदिका : तिला माहीत आहे. कालच विचारलं मी.

साळूबाई : अन् तिनं ऐकून घेतलं? नवसाबाईनं?

वेदिका : भाजी निवडत होती. सगळी निवडून संपवली.

साळूबाई : जीव जळला असंल तिचा.

वेदिका : मग म्हणाली, माझ्यासारखी तू घरी बसू नकोस. बांध. गाठ घट्ट मार.