दर रविवारचे साहेब

ठाणे-तुर्भे रेल्वेने आम्हाला किती छळलं, विचारू नका! नव्वदच्या दशकातली गोष्ट, लाइन तेव्हा नुसती बांधतच होते. मी, सावंत आणि पवार, आम्ही तिघे दर रविवारी सकाळी कोपरखैरण्याच्या अर्धवट स्टेशनवर काम बघायला जायचो. सावंतने तर फ्लॅटच या लाइनच्या भरवशावर घेतला होता. बायकोची शाळा ठाण्याला. दोन बस बदलून ती बिचारी रडकुंडीला यायची.

पुढे काम बंदच पडलं. तरी स्टेशनवरचा, शेजारच्या बोनकोडे गावचा म्हातारा वॉचमन आम्हाला कडक सलाम ठोकायचा. सावंत म्हणायचा, "वॉचमन ठेवलाय ना? मग प्रोजेक्ट जिवंत आहे. टेन्शन नाय." मग सळईचा गंज खरवडून बघायचा, "इथे पाणी साचतंय" म्हणून बोट दाखवायचा. म्हातारा मान डोलवायचा.

एका रविवारी त्याने आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या, चहा दिला आणि हात जोडले.

"सायेब, काम कवा चालू व्हनार? गाववाले मला हसतात. मी सांगतो, सायेब दर रविवारी पाहनी करतात, म्हंजे गाडी येनारच हाय."

सावंतने कप खाली ठेवला. "बाबा, आम्ही रेल्वेचे नाही हो. इथेच राहतो. तुम्ही दिसता, म्हणून तर आशेने येतो."

म्हाताऱ्याने विचारलं,

"मंग रेल्वेचं कोन येतं?"

पुढच्या रविवारी गेलो, तर सलाम ठोकायलाही कोणी नव्हतं.