वंदनाताईनं लावलेली पावलांची लय

वंदनाताईच्या शोकसभेले आलेल्या समद्या मायबापांनो, बायांनो, पोरींनो, मले भाषण जमत नाही. पण गप्प बसली, तर वंदनाताई मले माफ करणार नाही.

मागच्या आठवड्यात, पहाटे घाटंजी रोडवर धावताना, भरधाव टेम्पोनं ताईले उडवलं. ताई रस्त्याच्या कडेनं धावत होती. चूक तिची नव्हती. तरी आत्ता इथंच कोणीतरी म्हटलं, "बाईमाणसानं रस्त्यावर धावाले जावंच कायले?"

कायले? ऐका मंग.

मी पोलीस भरतीत धावण्यातच नापास झालती. गुडघे ठणकत. घरचे म्हणत, सोड, तुह्यात दम नाही. ताई शेजारच्या तांड्यातली, शाळेत खेळ शिकवणारी. तिनं मले धावताना पाह्यलं अन् ओरडली, "अवं, ढांगा कायले टाकून राह्यली? पाऊल अंगाच्या पुढं पडते, टाच आपटते. दर पावलाले तू सोताच ब्रेक मारतं!"

"मंग जोरात कशी धावू?"

"पाऊल लहान घे, पण चटचट उचल. पाय अंगाखाली पडला पाह्यजे."

मले वाटलं, अशानं मागंच पडीन. पोटऱ्या भरून आल्या. ताई बाजूनं धावत टाळ्या वाजवे. टाळीले पाऊल, टाळीले पाऊल. हळूहळू खांदे सैल झाले, पाठ सरळ झाली, गुडघे दुखाचे थांबले. पुढच्या भरतीत मी पास झाली. दम होताच, लोकहो. चाल चुकत होती.

ताई गेली अन् ती रोज पहाटे घेत होती तो आम्हा पोरींचा सराव बंद पडला. घरच्यांनी बूट लपवले. काल मी ताईच्या याडीले, तिच्या आईले भेटाले गेली. मी रडून राह्यलती. ती म्हणे, "माही पोर त्या रस्त्यावर मेली, म्हणून रस्ता टेम्पोवाल्याले देऊन टाकता काय?"

बोला. देऊन टाकाचा?

नाही! त्याच्यावर केस झाली हाय, मी त्या केसचा पिच्छा सोडणार नाही. अन् उद्या पहाटे आम्ही त्याच रस्त्यावर धावू. बापांनो, काळजी वाटते ना? मंग पोरी कोंडू नोका. गाड्या काढा, लाइट लावा, आमच्या मागं चाला.

आता ताईसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. पण माना खाली घालू नोका. खाली पाहून धावणारी पोर तिले आवडत नव्हती.

समोर पाहा.