तेरियोचं मनगट

...नाही, मी जळत नाहीये, तुम्हाला सांगतो, जळण्यासारखं आहेच काय त्यात? मानेतली शीर त्याचीही तुंबली, माझीही तुंबली, दोघांच्याही शिरेत तश्शीच जाळीची नळी बसवली, पण माझी आत घातली कुठून? जांघेतून! आणि माझ्या धाकट्या भावाची, त्या तेरियोची? मनगटातून!

जांघेतून म्हणजे काय, ऐकायचंय? सहा तास उताणा! पाय हलवायचा नाही, वर वाळूची पिशवी, आणि ती नर्स दर अर्ध्या तासाला पांघरूण उचलून बघते नि म्हणते, "छान हं, क्रिस्पुलो आजोबा!" अहो, छान काय छान? आणि तेरियो... तासाभरात उठून बसला, कोंबडीची पेज ओरपली, वर कॉफी मागवली! का? तर मनगटातून!

आता आमच्या लिपात, म्हणजे इथं फिलिपिन्समध्ये, रविवारी चर्चमधून आलं की पोरंसोरं वडीलधाऱ्यांचा उजवा हात धरून कपाळाला लावतात, मानो घेतात. घरात मोठा मी. पहिला हात माझा, आजवर कधी चुकलं नाही! पण त्या रविवारी अख्खी रांग माझ्या नाकासमोरून तेरियोकडे. "अय्या, आजोबा, इथनं पार मानेपर्यंत नळी नेली? दुखतं का हो?" हा अर्धे डोळे मिटून, "चालायचंच गं बाळा..." आणि माझी बायको, रोसेंदा, माझी हो, त्याला चमच्यानं चॉकलेटची खीर भरवतेय! म्हटलं, अगं, मलाही जखम आहे. तर म्हणते, "मग काय, दाखवताय का लेकरांना?" बोला!

बरं, पंधरा-वीस पोरांनी तो ताजा हात ओढओढून कपाळाला लावला, दुसऱ्या दिवशी मनगट सुजून हे एवढं! डॉक्टरीणबाई मॅग्सिनो सगळ्यांवर कडाडल्या. मला वाटलं, जिरली. कुठलं! आता त्याला सुजेचंही कौतुक!

आणि मग, तुम्हाला सांगतो, माझी दुसऱ्या बाजूची शीर तुंबली. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता! बाईंना म्हटलं, या खेपेला मनगटातून. "आजोबा, तुमची तिथली शीर बारीक आहे, आकसली तर जांघेतूनच जावं लागेल." म्हटलं, आकसते कशी बघतो! आणि नाही आकसली. झालं... मनगटातून! माझंसुद्धा!

रविवारी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला, दारातच वेताच्या खुर्चीत बसलो, हात पुढे. रांग आली. पहिली नात वाकलीसुद्धा... आणि मागनं तेरियो ओरडला, "थांबा रे! हात लावू नका दादाच्या हाताला! विसरलात माझं काय झालं ते? मनगटातून केलंय त्याचं, आठवडाभर मानो बंद. या, माझा घ्या."

आणि बाईंच्या कागदावर तेच लिहिलेलं! पोरांनी मला लांबूनच टाटा केला नि वळली तिकडे. म्हटलं, डावा तरी घ्या रे... तर सगळी हसली, डाव्या हाताचा कधी मानो असतो का?

माझा हात तसाच पुढे, हवेत. शेवटी रोसेंदा आली, हलकेच धरला. मी आपला तिच्या कपाळाकडे बघतोय... तर म्हणते, "असा लोंबता नका ठेवू, सूज येईल," आणि खाली उशी सरकवून गेली तेरियोला कॉफी द्यायला.

तेव्हापासून बसलोय. घेतेय बिचारी उशीच मानो.