हॉर्न तेवढा वाजला पाहिजे

माझ्या गाडीचं ऑइल बदलेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर एका जुन्या पिकअपचा मालक मिस्त्रीच्या डोक्यावर उभा होता.

"मिस्त्री, नुसता हॉर्न वाजत नाहीये. किती वेळ लावताय?"

"नुसता हॉर्न नाही, साहेब. हॉर्नची आणि एअरबॅगची वायर स्टिअरिंगखाली एकाच गुंडाळीतून जाते. ती गुंडाळीच तुटलीय. धडक बसली तर एअरबॅग उघडणार नाही."

"मग डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा नको का लागायला?"

"लागलाय की. त्यावर काळी पट्टी चिकटवलीय. ही बघा."

"मी नाही हो चिकटवली!"

"मग आधीच्या मालकानं."

"काय नालायक माणूस! वर तोंड करून म्हणाला, गाडी म्हणजे सोनं आहे. दोन वर्षं मी बायकोला शेजारी बसवून फिरतोय. असल्यांना उलटं टांगलं पाहिजे!"

"नवी गुंडाळी मागवू? आठवडा लागेल."

"आठवडा? अहो, संध्याकाळी मेहुणा येतोय गाडी न्यायला. त्याला विकलीय. बहिणीची पोरं सकाळपासून पुढच्या सीटसाठी भांडतायत."

"मग त्यांना सांगून टाका."

"वेड लागलंय का? घरचा माणूस आहे, उगाच नात्यात वितुष्ट येईल. तुम्ही हॉर्नला वेगळं बटण बसवून द्या."

"आणि एअरबॅग?"

"ती कोण वाजवून बघतंय?"

"बरं. ही पट्टी टाकून देऊ?"

"द्या टाकून. नवी लावा. हिचे कोपरे सुटलेत, त्याला संशय येईल."