गॅस तर बंदच हुता

आन् वर लोकं म्हनत्यात, काकासाहेब, तुमाला येवढं वाळायला काय झालं, उपग्रह तर तिकडं समुद्राच्या काठावरनं उडायचा हुता आन् तुमी हितं देवळाली प्रवऱ्यात जळालेल्या मोटारींत नवी तार भरत बसला हुता... तुमाला सांगतो, असं म्हननाऱ्याला एकदा त्या घरात नेऊन बसवला पायजे. मी भिंतीला भिंत लावून ऱ्हातो, म्हनून मला ठावं. त्या आठवड्यात ह्या मानसाचं काय झालं ते बघितलंय का कुनी? जेवायला बसला की घास हातात, आन् नजर कुठं, तर वर. वर काय हाय? पंखा. पंख्याकडं बघून मानूस रडकुंडीला येतो का? काकासाहेब आला हुता.

पन आधी गॅसचं सांगतो, त्याबिगर काय उमजायचं न्हाई. काकासाहेबाची मंडळी, सुरेखाबाई. बाई सोन्यासारखी, पन एकच खोड. घराला कुलूप लावलं, स्टँडवर आलं, एसटीत बसलं, एसटी हालली... की बाईचा हात नवऱ्याच्या मनगटावर. "अहो, गॅस बंद केला का?" झालं. उतरा. मागं फिरा. कुलूप काढा, आत जा, बघा. गॅस तर बंदच हुता. सोनईला साखरपुड्याला निघाले, राहुरीवरनं मागं आले, गॅस तर बंदच हुता. जामखेडला सख्ख्या मेव्हन्याचं लगीन, नगर सोडलं आन् बाईचा चेहरा उतरला, तवा मला फोन. मी भिंतीवरनं उडी मारून, माझ्या ह्या वयात, सैपाकघराच्या खिडकीला नाक लावून बघितलं. बंदच. पन तवर हे दोघं रस्त्याच्या कडंला उभे, पुढची गाडी येईना, तिकडं अक्षता पडून गेल्या. तीस वर्सं संसार झाला, एकदा तरी चालू सापडावा का न्हाई? एकदा न्हाई.

त्यांची थोरली निकिता, ती ह्याला लई हसायची. तिनं आईला युक्ती शिकवली, निघताना गॅसच्या बटनाचा मोबाईलवर फोटो काढायचा आन् शंका आली की बघायचा. बाईचा मोबाईल बटनांनी भरला. तरी एसटीत प्रश्न तयारच. "अहो, ह्यो फोटो आजचाच का कालचा?"

तर ही निकिता बेंगलोरला उपग्रहाच्या कामावर. हुद्दा मला विचारू नका. मला येवढंच कळतं का आपल्या मुलखापुरते दिशा दाखवनारे जे उपग्रह हायेत, मच्छीमाराला, ट्रकवाल्याला, बाबा तू हितं हायेस असं सांगनारे, त्यातल्या जुन्यांच्या पोटातली घड्याळं दमली, म्हनून नवा सोडायचा हुता. उपग्रहाला डोळे असत्यात म्हनं, सूर्य कुठं हाय ते बघायला. धूळ बसू नये म्हनून डोळ्यांवर लाल टोपनं घालत्यात. उडायच्या आधी ती काढायची, काढली ते दोघांनी बघून सह्या करायच्या, मग त्याला कवच घालून रॉकेटच्या डोक्यावर बसवायचं. निकिताकडं नेमकं हेच काम. काम झालं, सही झाली, कवच लागलं. अंग कसकसत हुतं म्हनून पोरगी थोडी रजा घेऊन घरी आली, उड्डानाच्या आदल्या दिवशी परत हजर व्हायचं ठरवून. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी अंगभर फोड. कांजन्या.

आता आमच्याकडं कांजन्या म्हंजे नुसता आजार असतो का? पलीकडच्या झुंबरबाई काठी टेकत आल्या, दारात कडूलिंबाचा पाला लावला, पोरीच्या अंथरुनावर पाला पसरला आन् फर्मान काढलं. "घरात आई आलीया. फोडनी द्यायची न्हाई, तळन करायचं न्हाई, आन् कुनी आवाज चढवायचा न्हाई. तुला सांगते काकासाहेब, आवाज न्हाई." म्हातारी ऐंशीच्या घरातली, तिच्यापुढं कोन बोलनार? घर कसं गप्पगार. आन् तुमाला सांगतो, अख्खा घोळ ह्या गप्पगार घरात झाला. कुजबुजत झाला.

बेस्तरवारची दुपार. शनवारी दुपारी उड्डान. बाहेर आमच्या गल्लीतल्या हौशी वाल्मिकनं चौकात फ्लेक्स लावलेला, 'देवळालीची कन्या', पोरीचा फोटो असा मोठा की शेजारच्या मेडिकलची पाटी झाकून गेली. मोठा पडदा, ढोल, पेढे, सगळं सांगून झालेलं. हिकडं सुरेखाबाईनं पोरीपुढं दहीभात ठेवला आन् दह्याच्या डब्याचं झाकन काढलं. झाकन लाल. पोरीनं घास उचलला, झाकनाकडं बघितलं... आन् घास तसाच खाली ठेवला.

काकासाहेबानं विचारलं, काय झालं. पोरगी लई हळू म्हनाली, "पप्पा, आपण एखादी गोष्ट केली असं कागद म्हणतो, सही आपलीच आहे, पण हाताला आठवत नाही. तर काय करायचं?"

तीस वर्सं एसटीतनं उतरलेला मानूस, त्याला ही तऱ्हा वळखू येनार न्हाई? पोरीनं हळूहळू सांगितलं. शेवटचं टोपन काढलं, त्याचा फोटोबी काढला. पन फोटो झाल्यावर जवळच कसलं तरी काम निघालं, डोळ्यावर धूळ उडंल म्हनून तेच टोपन तिनं परत घातलं. घातलेलं आठवतंय. ते दुसऱ्यांदा काढलं का? तवा अंगात ताप भरत आल्ता, डोकं जड झालेलं. सही केली हे आठवतंय. टोपन हातात आल्याचं आठवत न्हाई. आन् ते तसंच ऱ्हायलं असंल तर? वर गेल्यावर त्याला सूर्य सापडनार न्हाई, सूर्य सापडला न्हाई तर पंख उनाकडं वळनार न्हाईत, मग बॅटरी संपली की सगळ्यांची इतक्या वर्सांची मेहनत आभाळात नुसता डबा होऊन फिरनार. लोकांना रस्ता दाखवायला निघालेला, आन् सोताच्या डोळ्यावर झापड!

काकासाहेबानं आवाज खाली ठेवून लेकीला समजावलं. म्हनला, हे तुझ्या आईचं रगत हाय, दुसरं काय न्हाई. तू काढलंच असनार. तुझ्या आईला इतक्यांदा वाटलं, काय निघालं? गॅस तर बंदच हुता. आता फोन केलास तर काय म्हनतील, सही केली आन् आठवत न्हाई? उड्डान थांबवतील, कवच उघडतील, आतलं टोपन काढलेलंच निघंल, मग तुझ्या सहीला तिथं कोन इचारनार? बरूबर बोलत हुता का न्हाई? बापाच्या जागी तुमी असता तर काय सांगितलं असतं?

सुरेखाबाई इतका येळ डब्याचं झाकन हातात धरून उभी. तिनं ते खाली ठेवलं. आवाज तसाच बारीक, पन काकासाहेब म्हनतो, असा सूर तीस वर्सांत ऐकला न्हवता. "बंद निघाला म्हनून मी कधी पस्तावले न्हाई. तुमी समदे हसलात, मी हसू दिलं. बघून आल्यावर माझा जीव खाली बसायचा, तेवढ्याचसाठी मी मागं फिरायची. निकिता, लाव फोन."

आन् फोन लागंना. का लागंना? उड्डानाच्या त्या जागी आत मोबाईल नेऊ देत न्हाईत, सगळ्यांचे फोन दारावरच्या पेटीत. शेषाद्री सर म्हनून तिचे साहेब, त्यांच्या फोनची घंटी पेटीत वाजतीय आन् आयकनारं कोन न्हाई. एकदा लावला, दोनदा लावला, दहादा लावला. दारावरच्या कचेरीचा नंबर मिळवला, तिथला मानूस हिंदीत म्हनतोय, मॅडम, साहेब आत हायेत, निरोप काय देऊ? आता ह्यो निरोप दारावरच्या मानसाला देता येतो का? पोरगी म्हनाली, येवढंच सांगा, निकिताचा फोन आला हुता, लवकर करा. काकासाहेब दारात बसला. उठला. परत बसला. दुकानात बोअरची मोटार अर्धी भरलेली, शेतकरी फोनवर फोन करतोय, ऊस वाळायला लागलाय म्हनतोय, आन् ह्यो त्याला सांगतोय, साहेब आत हायेत.

ऊन कलल्यावर सरांचा फोन आला. पोरीनं सगळं सांगितलं, लपवलं काय न्हाई. सर येवढंच म्हनाले, ठीक आहे, बघतो. आन् बंद! ठीक आहे म्हंजे काय? बघतो म्हंजे काय? चांगलं बघतो का तुझ्याकडं बघतो? त्या दोन शब्दांवर ह्या तिघांनी शुक्रवारची सकाळ काढली.

दुपारी टीव्हीवर पट्टी आली. तांत्रिक तपासणीसाठी उड्डान एक दिवस पुढं. पट्टी आली न्हाई तोवर वाल्मिक दारात. चपला काढतानाच सुरू, "काका, काय हो हे? ढोलवाले उद्याचे सांगितलेत, पेढे उद्याचे, पावनं राहुरीवरनं यायचेत. कोन येडा बसलाय तिकडं, ऐन येळेला शंका काढनारा?" आन् येडा कुठं? पडद्याच्या मागं, पाल्यावर, अंगाला खाज सुटलेली, तोंडात पदर कोंबून. काकासाहेबाला लई वाटलं, ह्याला सांगावं. पन तिकडचं बाहेर बोलायचं न्हाई हे पोरीनं बजावलेलं, आन् आवाज चढवायचा न्हाई हे म्हातारीनं. मग करनार काय? तो म्हनला, "असंल बाबा कुनीतरी. तपासून घेतलेलं बरं असतंय." असं म्हनून त्यानं वाल्मिकला पानी दिलं. सुरेखाबाईनं नवऱ्याकडं जे बघितलं ना... जाऊ द्या.

ती दुपार काय सरंना. त्या कवचाला म्हनं एक बारीक दार असतं. ते उघडायचं, आत बारीक कॅमेरा घालायचा, डोळ्यापर्यंत न्यायचा, आन् कुठंबी धक्का लागू द्यायचा न्हाई. हे सगळं पोरगीच सांगत हुती. म्हनाली, पप्पा, माझ्या शंकेपायी कॅमेऱ्याचा धक्का कशाला लागला तर? हे तर काकासाहेबाच्या डोक्यातच आलं न्हवतं. म्हंजे आता टोपन असलं तर नोकरी जानार, टोपन नसलं तर सहीची इज्जत जानार, आन् दोन्ही न्हाई झालं तर धक्का हायेच. मानसानं नेमकं कशाचं भ्यावं ते तरी एक ठरवून द्या ना!

दिवेलागनीला फोन वाजला. शेषाद्री सर. पोरीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, फोडांनी तिचा कान दुखत हुता. सरांची हिंदी आपल्यासारखीच, तोडकीमोडकी, पन समजली सगळ्यांना. म्हनाले, निकिता, टोपन काढलेलं आहे. डोळा स्वच्छ आहे. दार परत लावलं.

काकासाहेबानं छाती भरून श्वास घेतला, आन् लगीच तो अडकला, कारन आता पुढचं यायचं हुतं. सहीचं. पोरगी रडवेली झाली, म्हनाली, "सॉरी सर. माझ्यामुळं सगळ्यांना..."

सरांनी तिला पुरं बोलू दिलं न्हाई. काकासाहेब ते वाक्य अजून जसंच्या तसं सांगतो, मराठीत करून. "तुझ्या खालची सही माझी हुती. तू फोन केलास तवा मी आठवून बघितलं, तर मलाबी आठवंना. तुझा फोन आला नसता, तर मी काय कुनाला बोललो नसतो. आता झोप." आन् ठेवला फोन.

पोरगी तोंड झाकून रडली. सुरेखाबाई तिच्या पाठीवरनं पाला फिरवत बसली. काकासाहेब उठून दुकानात गेला, दिवा लावला आन् त्या शेतकऱ्याची अर्धी मोटार पुरी भरली. म्हनतो, तारेचा प्रत्येक वेढा दोनदा बघितला. मोटार चांगलीच झाली हुती, पन बघितलं.

रविवारी उड्डान झालं. चौकात ढोल, पडदा, वाल्मिक माईकवर. पोरीला बाहेर काढता येत न्हवतं, म्हनून हे तिघं घरातल्या टीव्हीपुढं, आन् मी दारात. उलटे आकडे सुरू झाले. काकासाहेबानं डोळे मिटले. आग दिसली, धूर दिसला, रॉकेट वर गेलं, बघता बघता ठिपका झालं. चौकातनं असला गलका उठला की झुंबरबाई काठी घेऊन वाल्मिकला गप्प करायला निघाल्या. थोड्या येळानं टीव्हीवर सगळी साहेब मंडळी उठून टाळ्या वाजवायला लागली, उपग्रह सुटला म्हनं रॉकेटपासनं. सुरेखाबाईनं हात जोडले. काकासाहेबानं डोळे उघडले, आन् कितीतरी दिवसांनी पाय पसरून बसला.

म्हनला, "झालं बाई एकदाचं. सुटलो."

पोरगी टीव्हीकडंच बघत हुती. टाळी न्हाई, हसू न्हाई. म्हनाली, "अजून कुठं, पप्पा? अजून त्याचे पंख उघडायचेत. मग हळूहळू वर सरकवायचं. मग जागेवर बसवायचं. मग घड्याळ सुरू करायचं. मग ते घड्याळ बरोबर चालतंय का ते बघत राहायचं."

"किती दिवस?"

"दिवस नाही. चालेल तोवर. बारा वर्षं धरलीत."

काकासाहेबानं पसरलेले पाय जवळ घेतले. "आन् बारा वर्सांनी?"

"मग दुसरा सोडायचा."

भर दुपार हुती बरं का, बाहेर पेढे वाटत हुते, लोकं हार घेऊन दाराशी यायला लागली हुती. काकासाहेब उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आन् उशी उचलली.

"मग मी आत्ताच झोपून घेतो," म्हनला. "बारा वर्सं जागायचंय."