पहिल्या दिवसाचं मीठ

ट्युनिशियातल्या स्फॅक्स शहराच्या बसथांब्यावर दलेंदाशेजारी बसलेल्या अनोळखी बाईच्या मांडीवर बरणी होती. बाईच्या पलीकडे बसलेली तिची मुलगी बरणीत डोकावली. मीठपाण्यातलं एकूण एक ऑलिव्ह सुरकुतलेलं.

"आई, पहिल्याच दिवशी अंडं तरंगेल इतकं मीठ घातलंस?"

"लग्नघरी न्यायचीत, म्हटलं लवकर मुरतील."

"पेशीच्या पडद्यातून पाणी झटकन बाहेर येतं, मीठ मात्र सावकाश आत शिरतं. म्हणून आक्रसली. मीठ हळूहळू वाढवायचं."

"माझी आई तसंच करायची. का, ते तिला कधी सांगता आलं नाही."

"माझ्या ट्युनिसच्या विद्यापीठ-प्रवेशाचं पत्र महिनाभर कपाटात पडलंय. उद्या शेवटचा दिवस, आणि तू काही बोलतच नाहीस."

बाई दलेंदाकडे वळली. "ऐकलंत ना, ताई? माझी पोरगी आहे ही!"

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. उद्या तू ट्युनिसला जातेस. बापाला मी सांगते."