पाठवायची नाहीत अशी नऊ पत्रं

आजच्या सभेचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या, संस्थेच्या माननीय कार्याध्यक्षा बाई. व्यासपीठावर स्थानापन्न झालेले संस्थेचे सन्माननीय सभासद. उद्यापासून या शाळेचा कारभार सांभाळणाऱ्या नव्या मुख्याध्यापिका. आजचे सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं या शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले आमचे आदरणीय सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईसाहेब. शिक्षकवृंद, कार्यालयातली मंडळी, पालक. पुढच्या तीन रांगांत कडक इस्त्रीच्या गणवेशात बसवलेली शेवटच्या वर्षाची मुलंमुली. आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेले माझे सात पाहुणे, ज्यांना या समारंभाचं बोलावणं शाळेनं नाही, मी दिलं. सर्वांना नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘यशस्वी उद्योजिका’ अशी करून दिली. आभारी आहे, पण एवढं मोठं काही नाही. मी लिफ्ट बसवते, आणि बिघडल्या की दुरुस्त करते. या इमारतीत जिना न चढू शकणाऱ्यांसाठी गेल्या महिन्यात जी लिफ्ट सुरू झाली, ती माझ्या माणसांनी बसवली. तेव्हाच सरांनी मला फोन केला होता. म्हणाले, तुझ्यावर माझा पहिल्यापासून विश्वास होता, निरोपाच्या दिवशी माजी विद्यार्थ्यांच्या वतीनं दोन शब्द बोल. मी होकार दिला. आणि खरं सांगते, आयुष्यात कुठल्याही परीक्षेचा एवढा अभ्यास केला नव्हता जेवढा या दोन शब्दांचा केला.

आधीच्या तिन्ही वक्त्यांनी फाटकावरच्या पाटीचा उल्लेख केला. ‘शंभर टक्के विद्यार्थी महाविद्यालयात.’ सलग एकतीस वर्षं. या पाटीसाठी सरांना दोन पुरस्कार मिळाले, ते आपण टाळ्या वाजवून ऐकलं. मीही वाजवल्या. शंभरातले शंभर! कुणाला एखादा प्रश्न पडला का हो? एवढ्या वर्षांत, एवढ्या मुलांत, एकालाही दुसरं काही करावंसं वाटलं नाही?

मला वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

तेव्हा मी अठरा वर्षांची, याच शाळेत शेवटच्या वर्गात. लिफ्ट तयार करणाऱ्या एका कारखान्याची माणसं शिकाऊ उमेदवार निवडायला शाळेत आली होती. चार वर्षं काम शिकायचं, शिकताना विद्यावेतन, पुढे नोकरी. चित्रकलेच्या वर्गात परीक्षा झाली. प्रत्येकाच्या पुढ्यात लिफ्टच्या दाराचं एक कुलूप ठेवलं. सगळं सुटं करायचं आणि परत जोडायचं. आम्ही चाळीस जण होतो. माझं सगळ्यांत आधी झालं. एक वयस्क इंजिनिअर माझ्या बाकाशी थांबले, त्यांनी कुलूप दोनदा उघडमीट करून पाहिलं आणि विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, घरी, आमचं पुढचं दार लागत नव्हतं. ते हसले. जाताना एवढंच म्हणाले, की निकालाचं पत्र शाळेच्या पत्त्यावर येईल.

मुलांनो, कशाची तरी वाट बघताना जीव टांगणीला लागतो म्हणजे काय, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी तीनदा सरांच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी मला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आवाज तर तुम्ही जाणताच, साखर पेरल्यासारखा. म्हणाले, “बाळ, काही आलेलं नाही. आलं असतं तर मी स्वतः घरी आणून दिलं असतं. आणि नाही आलं हे एका परीनं बरंच झालं. तुझ्यासारख्या मुलीनं हातात पाना घ्यायचा म्हणजे आम्ही शिकवलं ते वायाच गेलं म्हणायचं.”

मी कॉलेजचा अर्ज भरला. इतिहास घेतला, कारण त्या रांगेत गर्दी कमी होती.

आता माझ्या वडिलांविषयी सांगणं भाग आहे. ते पोस्टमन होते. शाळा ज्या भागात येते, तो भाग त्यांच्याकडेच होता. शाळेची डाक मोठ्या ऑफिसातून सीलबंद थैलीत यायची, ती ते रोज खांद्यावरून आणून कार्यालयात द्यायचे. आत काय आहे हे त्यांना दिसत नसे, आणि बघण्यातले ते नव्हतेच.

कॉलेज सुरू होऊन तीन महिने झाल्यावर मला राहवेना. मी कारखान्याला लिहून विचारलं, माझ्यात काय कमी पडलं? आठ दिवसांत उत्तर आलं, या वेळी घरच्या पत्त्यावर. तुमची निवड झाली होती, पत्र रवाना केलं होतं, मुदतीत उत्तर न आल्यानं जागा दुसऱ्यास दिली.

ते उत्तर वडिलांनीच मला आणून दिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं. ते टोपी काढून उंबऱ्यावर बसले. मग दुसऱ्या दिवशी एकटेच सरांकडे गेले. पत्र निघालं होतं आणि पोचलं नाही, तर गेलं कुठं? सरांनी त्यांनाही बसवलं, त्यांनाही पाणी दिलं. आणि म्हणाले, “टपालात होतं असं कधी कधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका! त्या महिन्यात वडिलांच्या पिशवीची एक शिवण उसवली होती, आईनं जाड दोऱ्यानं ती घातली होती. झालं. त्यांच्या मनानं घेतलं, की सीलबंद थैलीतलं नसेल, सुटं आलं असेल, आणि त्या भोकातून पडलं असेल. कोणी कितीही समजावलं तरी ते पटायचं नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते रोज निघताना पिशवी उलटी करून शिवणी चाचपायचे. जेवताना मध्येच माझ्याकडे बघायचे आणि मान खाली घालायचे. अहो, ज्या माणसानं लोकांच्या दारात एवढी सुखदुःखं पोचवली, त्यानं पोटच्या पोरीशी वीस वर्षं डोळ्याला डोळा भिडवला नाही. सात वर्षांपूर्वी ते गेले. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाले, “पोरी, ते माझ्याच हातून हरवलं गं.” मी म्हटलं, नाही बाबा. पण माझ्याकडे पुरावा नव्हता.

ध्वनिक्षेपकाजवळच्या भाऊंना विनंती आहे, बटणाशी चाळा करू नये. ती वायर सकाळी मी स्वतः तपासली आहे. आणि दाराशी उभ्या असलेल्या गुरुजींनी बसून घ्यावं, माझं फार राहिलेलं नाही.

पुरावा मिळाला चार महिन्यांपूर्वी. लिफ्टच्या दारासाठी जागा करायला जुन्या दप्तरखोलीची भिंत फोडायची होती, आणि त्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. चार माणसांना हलेना. म्हणून मी खण बाहेर काढायला सांगितले. तिसऱ्या खणात तळाशी एक फाइल सापडली. वर सरांचं अक्षर. ज्या सुंदर वळणदार अक्षराचं मघाशी एवढं कौतुक झालं, त्याच अक्षरात तीन शब्द: ‘पाठवायची’ खोडून पुन्हा नीट लिहिलेलं ‘पाठवायची’, आणि पुढे ‘नाहीत’.

आत नऊ पत्रं होती. नऊ मुलांच्या नावांची, नऊ वेगवेगळ्या वर्षांची. प्रत्येकावर शाळेचा ‘मिळाले’ असा शिक्का आणि तारीख. सगळ्यात जुनं पाकीट माझं. त्यावरच्या तारखेनंतर अकरा दिवसांनी सरांनी मला पाणी देऊन सांगितलं होतं, की काही आलेलं नाही.

मी तिथं सिमेंटच्या पोत्यावर बसले. माझ्या माणसांना वाटलं, मला भोवळ आली. मला भोवळ नव्हती आली. मला वाटत होतं, वरच्या मजल्यावर जावं आणि कॉलर धरून या माणसाला खाली आणावं. लिफ्ट अजून व्हायची होती, जिन्यानं.

मी तसं केलं नाही. मी शाळेच्या जुन्या लेखनिकांच्या घरी गेले. ते आता थकलेत, पण स्मरण पक्कं आहे. मी फाइल पुढ्यात ठेवताच त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मला सांगितलं होतं ताई, कारखान्यांची पत्रं आवक वहीत चढवायची नाहीत, मुलं वाटेला लागण्याआधी भरकटतात. मी विचारलं, मग फाडून का नाही टाकली? ते म्हणाले, साहेब कागद फाडत नाहीत, शिस्तीचे आहेत.

तिथून मी फाइल घेऊन थेट कार्याध्यक्षा बाईंकडे गेले. त्यांनी एकेक पाकीट पाहिलं आणि विचारलं, तुला काय हवंय? मी म्हटलं, फक्त निरोपाच्या सभेत दहा मिनिटं. बाई म्हणाल्या, बोल, पण खरं तेवढंच. मी तेवढंच बोलते आहे.

मग उरलेल्या आठ जणांना शोधत फिरले. जहाजबांधणीच्या गोदीत निवड झालेला एक मुलगा कॉलेजात दोनदा नापास झाला, आज तो दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. दातांच्या कवळ्या करणाऱ्या प्रयोगशाळेनं निवडलेली एक मुलगी पदवी घेऊन नऊ वर्षं घरी बसली. जमीन मोजणाऱ्या कार्यालयानं बोलावलेला एक जण पुढे चांगला वकील झाला, आणि मला म्हणाला, माझं काही बिघडलं नाही, पण मला विचारायला हवं होतं. सगळ्यांची वाट लागली असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर सरांना सोपं जाईल. असे सहा जण मागे बसले आहेत. एकीनं कळवलं, की या इमारतीत पाऊल ठेवणार नाही. आणि सातव्या जागेवर बसल्या आहेत त्या एका मुलाच्या आई. त्याला मोठ्या भटारखान्यात पाव भाजायला शिकायचं होतं. कॉलेजात तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तो घरातून निघून गेला. चौदा वर्षं झाली. त्यांनी अजून घर बदललेलं नाही.

शेवटचं पत्र अकरा वर्षांपूर्वीचं आहे. त्यानंतर कारखाने या शाळेत यायचेच थांबले. जिथून उत्तर येत नाही, तिथं कोण कशाला येईल? पाटी मात्र चकाकत राहिली.

माझं म्हणाल, तर मी दोन वर्षांनी कॉलेज सोडलं. माझी आत्या हॉस्पिटलात आया होती. तिथली लिफ्ट दर आठवड्याला अडकायची आणि एक चष्मेवाले मिस्त्री ती सोडवायला यायचे. आत्यानं मला त्यांच्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, हिला बॅटरी तरी धरू द्या. आठ वर्षं त्यांच्याकडे शिकले. दोन बोटांची टोकं सुन्न झाली, पाठ धरली, लोक हसले. चार वर्षांत शिस्तीनं शिकले असते ते धडपडत शिकायला मला दहा वर्षं गेली. ती मला कोणी परत देणार नाही.

पुढच्या रांगांतल्या मुलांनो, घरी जाऊन असं सांगू नका, की एका बाईनं कॉलेजला जाऊ नका म्हणून सांगितलं. माझी मुलगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आणि खुशीत शिकते. मी एवढंच सांगते, वाटा अनेक आहेत. काम शिकत कमवता येतं, वर्षभर काम करून मग कॉलेजला जाता येतं, कॉलेजातून निघून कामाला लागता येतं. निवडताना चुकलात तरी ती चूक तुमची असू द्या. आणि यंदापासून तुमची पत्रं तुमच्या घरच्या पत्त्यावर येतील. तसा ठराव संस्थेनं मंगळवारी केला. कारखान्यांना आमंत्रणं गेली आहेत. पहिलं माझ्याच कंपनीनं स्वीकारलं.

बाईसाहेब, तुमची क्षमा मागते. यात तुमचा काही दोष नाही आणि आजचा दिवस तुमचाही होता.

कार्यक्रमपत्रिकेत आता पुढे लिहिलं आहे, ‘माजी विद्यार्थ्यांतर्फे भेट’. टेबलावर जो रंगीत कागदात बांधलेला खोका आहे, तो गेले दोन तास सरांनी मोठ्या आपुलकीनं जवळ ओढून घेतला आहे. त्यात घड्याळ नाही, सर. त्यात तुमचीच फाइल आहे. ती तुम्ही उघडायची. पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचायचं, तो माणूस उठून पुढे येईल, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याचं पत्र त्याच्या हातात द्यायचं. जी आली नाही तिचं माझ्याकडे द्या, मी पोचवेन. मुलाचं पत्र आईकडे द्यायचं आहे, तेव्हा तुम्ही खाली उतरून त्यांच्यापाशी जा, त्यांचे गुडघे दुखतात. माझ्या वडिलांनी हे काम छत्तीस वर्षं केलं, आणि आज या सभेत सांगते, त्यांच्या हातून एकही पत्र हरवलं नाही. तुम्हाला नऊच वाटायची आहेत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी खुर्ची न वाजवता ऐकून घेतलं, जुन्या लेखनिकांनी थकल्या वयात खरं सांगितलं, आणि मागच्या पाहुण्यांनी नको असलेल्या आठवणींच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं, या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्त गेला असेल, तर आपण सर्वांनी मला उदार मनानं क्षमा करावी. सरांना क्षमा करा असं मात्र आज मला कुणी सांगू नये.

उठा, सर. पहिलं नाव वाचा.